एका आठवड्याचा कागद : मूक मालिकापटांच्या भित्तिपत्रकांचा शोध



१९१४ सालच्या अमेरिकेतील एखादे लहानसे गाव डोळ्यांसमोर आणावे. गावात चित्रपटगृह एकच. सोमवारी सकाळी तेथील नोकर खळीची बादली, लांब दांड्याचा कुंचला आणि घडी घातलेल्या कागदांचा गठ्ठा घेऊन बाहेर पडतो. तबेल्याची भिंत, लाकडी कुंपण, रिकाम्या दुकानाची फळी, जेथे जागा मिळेल तेथे तो मागच्या आठवड्याच्या चित्रावर खळ फासतो आणि त्यावर नवे चित्र बसवतो. नव्या चित्रात एक तरुणी कड्याच्या टोकाशी लोंबकळत असते. पुढच्या सोमवारी तीही झाकली जाणार, हे त्याला ठाऊक असते. हा कागद शंभर वर्षांनी कोणी काचेआड जपून ठेवील असे त्याला कोणी सांगितले असते, तर त्याने ती थट्टाच समजली असती.

आज अशा कागदाची भिंतीवर न गेलेली एखादी प्रत हाती लागली, तर तिच्यासाठी संग्राहक आणि संग्रहालये यांच्यात चढाओढ लागते. यात पैशाचा भाग आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु या छंदाचे मोल पैशापलीकडचे आहे. ज्या चित्रपटाची ती जाहिरात होती, तो चित्रपट बहुधा नष्ट झालेला असतो. प्रेक्षकाला थिएटरात खेचून आणणे एवढेच ज्याचे काम होते, तो कागद मागे राहिला आणि ज्याच्यासाठी खेचायचे ते नाहीसे झाले. त्या चित्रपटाच्या इतिहासाला आता या कागदाचीच साक्ष काढावी लागते. साक्षीदार एकुलता एक असला म्हणजे तो खरा की खोटा, हे तपासण्याची जबाबदारी अधिकच वाढते.

मालिकापट म्हणजे भागाभागांनी, बहुधा दर आठवड्याला एक, असा दाखवला जाणारा चित्रपट. दूरदर्शनवरील मालिकांचा हा पणजोबाच म्हणावा. त्याचा जन्म वृत्तपत्रांच्या आणि मासिकांच्या स्पर्धेतून झाला. १९१२ साली एडिसन कंपनीने 'व्हॉट हॅपन्ड टू मेरी' हा बारा भागांचा चित्रपट 'द लेडीज वर्ल्ड' या मासिकाच्या सहकार्याने काढला. मासिकात कथा वाचायची आणि पडद्यावर ती पाहायची, अशी ती योजना होती. डिसेंबर १९१३ च्या अखेरीस सेलिग कंपनीचा 'दि अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ कॅथलिन' आला आणि त्याची कथा 'शिकागो ट्रिब्यून'मधून क्रमशः छापली गेली. मार्च १९१४ मध्ये पर्ल व्हाइट हिचा वीस भागांचा 'द पेरिल्स ऑफ पॉलिन' हर्स्ट यांच्या वृत्तपत्रांच्या पाठबळावर सुरू झाला. त्याच वर्षीच्या 'द मिलियन डॉलर मिस्टरी'च्या निर्मात्यांनी तर कथेचा शेवट सुचवणाऱ्या प्रेक्षकाला दहा हजार डॉलर्सचे बक्षीस लावले. 'द हॅझर्ड्स ऑफ हेलन' हा रेल्वेच्या पार्श्वभूमीवरचा मालिकापट १९१४ पासून १९१७ पर्यंत चालला आणि त्याचे ११९ भाग निघाले. फ्रान्समध्ये लुई फ्यूयाद याने 'फाँतोमास' आणि 'ले व्हाँपीर' यांनी पॅरिसच्या भिंती गाजवल्या.

यांतील 'कॅथलिन'कडे भारतीयांनी जरा निरखून पाहिले पाहिजे. त्याची कथा भारतात घडते. अमेरिकन नायिका आपल्या वडिलांच्या शोधात 'अल्लाहा' नावाच्या कल्पित संस्थानात येते आणि तेथे तिला राणीपदासह खलनायकाशी विवाह लादला जातो. त्या खलनायकाचे नाव 'उंबल्ला'. अंबाला शहराचे नाव इंग्रज त्या काळी असेच लिहीत. शहराचे नाव माणसाला आणि 'अल्लाहा' हे नाव राज्याला. लेखकाने नकाशावर बोट ठेवून नावे निवडली असावीत. हत्ती, सिंह, वाघ सारे सेलिग यांच्या स्वतःच्या प्राणिसंग्रहातले. असा हा अमेरिकेत बनवलेला भारत होता. चित्रपटाचा बहुतांश भाग आज उपलब्ध नाही. त्यामुळे त्या काळच्या सामान्य अमेरिकन माणसापुढे भारताचे कोणते चित्र ठेवले गेले, हे समजून घेण्यासाठी छापील कथा, छायाचित्रे आणि जाहिरातीचे कागद यांचाच आधार घ्यावा लागतो. त्यात अपमान वाटण्यासारखे पुष्कळ आहे. पण अपमानाचा पुरावासुद्धा जपावा लागतो. फाडून टाकल्याने तो इतिहासातून जात नाही, फक्त वादात आपल्या हाती काही उरत नाही.

या भित्तिपत्रकांची मापे ठरलेली असत. 'वन-शीट' म्हणजे सुमारे २७ इंच रुंद आणि ४१ इंच उंच. त्याच्या तिप्पट 'थ्री-शीट', सहापट 'सिक्स-शीट', आणि रस्त्याकडेच्या मोठ्या फलकासाठी चोवीस कागदांच्या हिशेबाचे, सुमारे नऊ फूट उंच आणि वीस फूट लांबीचे अवाढव्य चित्र. मोठी चित्रे तुकड्यांत छापली जात आणि भिंतीवरच जोडली जात. याखेरीज चित्रपटगृहाच्या दर्शनी दालनात लावायची ११ बाय १४ इंचांची 'लॉबी कार्डे' आणि दुकानांच्या खिडक्यांत ठेवायचे जाड पुठ्ठ्याचे 'विंडो कार्ड' असे. विंडो कार्डाच्या वरच्या बाजूला कोरी जागा ठेवत; तेथे गावोगावचा थिएटरवाला आपले नाव आणि तारीख छापून घेई.

छपाई होती ती शिळाप्रेसची. महाराष्ट्राला ही कला नवी नाही. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्यात काढलेल्या चित्रशाळेने आणि पुढे राजा रविवर्म्यांच्या छापखान्याने देवादिकांची जी चित्रे घराघरांत पोहोचवली, त्यांच्यामागे हेच तंत्र होते. बव्हेरियातील विशिष्ट चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूने उलटे चित्र काढायचे, शिळा ओली करायची आणि शाई फिरवायची. शाई तेलकट रेषेला धरते, ओल्या दगडाला धरत नाही. प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा लागे. कालांतराने दगडाच्या जोडीला जस्ताचे पातळ पत्रेही आले. क्लीव्हलँडचे ओटिस आणि मॉर्गन, सिनसिनाटीचे स्ट्रोब्रिज हे अमेरिकेतील या कामाचे नावाजलेले छापखाने. सर्कस आणि जादूचे प्रयोग यांच्या जाहिराती छापण्यात ज्यांचे हात तयार झाले, त्या कारागिरांपुढे आता चित्रपट आला होता. बहुतेक चित्रांवर चित्रकाराची सही नसते. छापखान्याचे नाव तळाच्या समासात बारीक अक्षरांत असते. ज्याने रेषा काढल्या तो मात्र अनामिकच राहिला आहे.

मालिकापटाचे वैशिष्ट्य असे की प्रत्येक भागासाठी वेगळी भित्तिपत्रके काढली जात. पंधरा भागांचा चित्रपट म्हणजे पंधरा निराळी वन-शीट, आणि त्याशिवाय मोठ्या मापांची चित्रे वेगळी. दोन-तीन दिवस चालणाऱ्या भागासाठी एवढा खटाटोप! साहजिकच एखाद्या मालिकापटाचा संपूर्ण संच जमवणे ही गोष्ट जवळजवळ अशक्य ठरते. संग्राहकाला सातवा भाग मिळतो, नंतर कित्येक वर्षांनी अकरावा मिळतो, आणि पहिला मिळतच नाही.

एवढ्या हजारो प्रती गेल्या कोठे? पहिले उत्तर खळीच्या बादलीत आहे. भिंतीवर गेलेला कागद परत येत नाही. न वापरलेल्या प्रती वितरकाच्या कचेरीत परत जात, पुढच्या गावाला दिल्या जात आणि फाटेपर्यंत फिरत राहत. जो काही साठा गोदामांत पडून होता, त्यातला मोठा भाग दुसऱ्या महायुद्धात रद्दीच्या देशव्यापी मोहिमांत लगद्यासाठी गेला. चित्रपटांची कथा याहून दुःखद आहे. त्या काळची फिल्म नायट्रेटची, चटकन पेट घेणारी आणि कालांतराने आपोआप कुजणारी. बोलपट आल्यावर मूकपटाला बाजार उरला नाही, आणि फिल्ममधून चांदी काढून घेता येत होती. मालिकापटांच्या निर्मितीत अग्रेसर असलेल्या युनिव्हर्सल कंपनीने १९४८ साली आपल्याजवळच्या मूकपटांच्या उरलेल्या प्रती स्वतःच नष्ट केल्या. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९१२ ते १९२९ या काळातील सुमारे अकरा हजार अमेरिकन पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी अवघे चौदा टक्के मूळ स्वरूपात शिल्लक आहेत. 'पॉलिन'चेही वीसच्या वीस भाग आज नाहीत. युरोपसाठी कापून जोडलेली नऊ भागांची आवृत्ती तेवढी उरली आहे.

आणि तरीही काही कागद वाचले. ते कोणी वाचवले म्हणून नव्हे. थंड प्रदेशांत घराच्या भिंतींच्या पोकळीत ऊब राहावी म्हणून कागद भरत, जमिनीवरच्या लिनोलियमखाली अंथरत. त्यात थिएटरवाल्याने फेकलेले गठ्ठे उपयोगी पडत. घर पाडताना किंवा दुरुस्त करताना ते बाहेर येतात. पेनसिल्व्हानियातील बर्विक येथे एका माळ्यावर भिंतीच्या कागदाच्या खळीने एकावर एक चिकटवलेल्या तेहतीस भित्तिपत्रकांचा जाड थर मिळाला. ती १९३०-३१ च्या बोलपटांची होती. जाणकारांनी ती हलकेच सुटी केली आणि २०१२ च्या मार्चमध्ये लिलावात त्यांना पाच लाख डॉलर्सहून अधिक रक्कम आली. ज्याने तो थर रचला, त्याच्या दृष्टीने तो निव्वळ जाड कागद होता.

आता प्रश्न खऱ्या-खोट्याचा. या छंदातील खरी विद्या येथे आहे. अनुभवी संग्राहक चित्राकडे सर्वांत शेवटी पाहतो. प्रथम तो भिंग काढतो. शिळाछापाच्या चित्रात खडूचा दाणेदार, अनियमित पोत दिसतो. सावली गडद होत जाते ती कारागिराच्या हाताने. नंतरच्या पुनर्मुद्रणात त्याच जागी ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसते, कारण ते चित्राच्या छायाचित्रावरून छापलेले असते. हा एक भेद ओळखता आला तरी निम्म्याहून अधिक फसवणूक टळते. मग माप. फ्रेमवाल्याच्या सोयीच्या आकाराचा कागद समोर आला की संशय घ्यावा. मग घड्या. त्या काळी वन-शीट घडी घालूनच पाठवले जाई; साधारणपणे एक उभी आणि तीन आडव्या घड्यांच्या खुणा त्यावर असतात. शंभर वर्षांचा म्हणून विकायला आणलेला कागद एकही घडी नसलेला असेल, तर तो इतकी वर्षे कोठे आणि कसा राहिला, याचे उत्तर विक्रेत्याकडून मागायला हवे. पाठीमागची बाजू तर समोरच्या बाजूइतकीच बोलकी असते. तिच्यावर वितरकाचा शिक्का, निळ्या पेन्सिलीने लिहिलेला भागाचा क्रमांक, ओल आलेल्या जागेचा डाग अशा खुणा सापडतात.

मजकूरही तपासावा लागतो. कंपनीचे बोधचिन्ह त्या वर्षीचे आहे का, भागाचे नाव आणि क्रमांक जुळतात का, की हे नंतर पुन्हा प्रदर्शित झालेल्या आवृत्तीचे भित्तिपत्रक आहे? लोकांच्या समजुतीवरही विसंबता येत नाही. पॉलिन म्हटले की रुळांना बांधलेली मुलगी अनेकांना आठवते. प्रत्यक्षात उरलेल्या भागांत तसा प्रसंगच नाही. तेव्हा तसे चित्र घेऊन कोणी आला, तर ते नंतरच्या काळाच्या कल्पनेतून आले असण्याचा संभव अधिक.

जुन्या, दुबळ्या कागदाला पाठीमागून जपानी कागद आणि सुती कापड लावून बळकटी देण्याची पद्धत आहे. ती चांगली आहे, कारण गव्हाच्या खळीने केलेले हे काम पुढे पाण्याने सोडवता येते. पण याच पद्धतीचा लबाडांनी लाभ घेतला. २००९ च्या सुमारास अमेरिकेत जुन्या भयपटांच्या बनावट भित्तिपत्रकांचे मोठे प्रकरण उघडकीस आले. पाठ कापडाने झाकली गेल्यामुळे कागद तपासायला वावच राहिला नव्हता, आणि मुरलेले संग्राहकही त्यात फसले. तेव्हापासून शहाणा ग्राहक कापड लावण्यापूर्वीची छायाचित्रे मागतो.

बनावट माल हा उघड शत्रू झाला. त्याहून अवघड प्रश्न प्रामाणिक माणसाच्या घरात उभा राहतो. एखाद्या चित्राचा कोपरा गेलेला आहे, नायिकेच्या चेहऱ्यावरून घडीची भेग गेली आहे. कुशल कारागीर तेथे रंग भरून भेग अदृश्य करू शकतो. किंमत वाढते, भिंतीवर शोभा येते. पण भरलेला भाग मूळ चित्रकाराचा नाही. कोपऱ्यात काय होते हे कोणालाच ठाऊक नसेल, तर तेथे काढलेले झाड हे सभ्य भाषेत सांगितलेले असत्यच होय. काही जण तळाशी चिकटवलेली थिएटरची पट्टी विद्रूप दिसते म्हणून सोडवून टाकतात. त्या पट्टीवर गावाचे नाव, वार आणि तिकिटाचा दर असतो! चित्र अनेक प्रतींत छापले गेले; ती पट्टी त्या एका गावाची, त्या एका आठवड्याची असते. ज्याला सजावट हवी आहे त्याने सुंदर पुनर्मुद्रण घ्यावे, त्यात कमीपणा नाही. ज्याने मूळ कागद घरात आणला, त्याने मात्र भेगेला भेग म्हणून राहू द्यावे, आणि दुरुस्ती करावीच लागली तर ती कोठे केली हे लिहून ठेवावे. जपणुकीचे नियम साधे आहेत : चिकटपट्टी नको, प्लॅस्टिकचे लॅमिनेशन तर मुळीच नको, उन्हाची तिरीप नको, आणि आम्लरहित कागदाच्या घडीत आडवे ठेवणे. हे नियम मोडले जातात ते हौसेपायी, द्वेषापायी नव्हे.

किमतीचे म्हणाल तर मूकपटाच्या भित्तिपत्रकाला मिळालेली गाजलेली रक्कम 'मेट्रोपोलिस'ची. १९२७ च्या त्या जर्मन चित्रपटाचे भित्तिपत्रक २००५ साली सहा लाख नव्वद हजार डॉलर्सना विकले गेले. तो मालिकापट नव्हे. मालिकापटांचे कागद बहुधा त्या पंगतीला बसत नाहीत. अपवाद जादूगार हुडिनीचा. १९१८ च्या अखेरीस सुरू झालेल्या त्याच्या 'द मास्टर मिस्टरी'ची चित्रे जादूच्या वस्तू जमवणारेही शोधत असतात, त्यामुळे मागणी दुहेरी. त्या मालिकेत एक अजस्र यंत्रपुरुष आहे. 'रोबो' हा शब्द ज्या चेक नाटकातून आला, ते नाटक १९२० साली छापले गेले. म्हणजे शब्दाच्या आधी ते रूप अमेरिकेच्या पडद्यावर येऊन गेले होते. पॅरिसच्या 'फाँतोमास'ची गोष्टही अशीच बोलकी आहे : कादंबरीच्या मुखपृष्ठावर शहरावर पाय रोवून उभ्या असलेल्या मुखवटाधारी पुरुषाच्या हातात खंजीर होता, चित्रपटाच्या भित्तिपत्रकात तोच पुरुष आला, पण खंजीर गेला. घरात वाचायच्या पुस्तकावर जे चालले, ते रस्त्यावर चालले नाही. ही सूक्ष्म गोष्ट चित्रपट पाहून कळत नाही. दोन कागद शेजारी ठेवले की कळते.

हे मालिकापट मुंबईतही आले आणि तुफान चालले. पर्ल व्हाइट, एडी पोलो ही नावे गिरणगावातल्या प्रेक्षकाला पाठ होती. पुढे 'आलम आरा' काढणारे अर्देशिर इराणी आधी युनिव्हर्सलच्या चित्रपटांचे येथील वितरक होते. जमशेद आणि होमी हे वाडिया बंधू याच साहसपटांवर वाढले आणि १९३५ मध्ये 'हंटरवाली'तून त्यांनी ते ऋण फेडले. एतद्देशीय प्रयत्नही लवकर झाला : १९१८ साली श्री. ना. पाटणकर यांनी 'राम वनवास' हा मालिकापट काढला. विदेशी साचा घेऊन त्यात रामकथा ओतण्याची ती कल्पना साधी नव्हती. दर आठवड्याला पुढे सरकणारी कथा ऐकण्याची सवय आपल्या कीर्तन-प्रवचनांनी समाजाला शतकानुशतके लावलेलीच होती.

मात्र शिल्लक किती, हा प्रश्न विचारला की मान खाली घालावी लागते. भारतात सुमारे तेराशे मूकपट निघाले. त्यांतील तिसाच्या आसपास, तेही बरेचसे अपुरे, उरले आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ सालची, म्हणजे मूकपटांचा काळ संपल्यानंतर तीस वर्षांनी. पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून जे मिळवले ते त्यांच्या पायपिटीचे पुण्य. २००३ च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मच्या कित्येक प्रती गेल्या. मळवलीचा रविवर्मा छापखाना तर १९७२ मध्येच आगीत सापडला होता. अमेरिकेत भिंतीच्या पोकळीने कागद राखला. येथे पावसाळा, वाळवी आणि दिवाळीपूर्वीची साफसफाई यांनी राखले नाही. जुन्या पत्र्याच्या ट्रंकेच्या तळाशी अंथरलेला कागद ओढून काढताना त्याची खालची बाजू आपल्यापैकी किती जणांनी पाहिली असेल?

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी ती बाजू ओळखली होती. ते मुळात चित्रकार. लोकमान्यांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटले. आपल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या चित्रपटांची भित्तिपत्रके ते स्वतः रंगवत. १९२४ साली त्यांनी 'कल्याण खजिना' काढला. कल्याणच्या सुभेदाराची सून शिवछत्रपतींसमोर आणली जाते आणि महाराज तिला सन्मानाने परत पाठवतात, ही प्रत्येक मराठी घराला ठाऊक असलेली कथा. त्या चित्रपटाची फिल्म आज पाहायला मिळत नाही. त्याचे भित्तिपत्रक उरले आहे, आणि चित्र असलेले भारतातील सर्वांत जुने उपलब्ध चित्रपट-भित्तिपत्रक म्हणून त्याचाच उल्लेख केला जातो.